जुन्या मस्टँगला डिस्क ब्रेक लावताना

१९६५ ची फोर्ड मस्टँग दिसायला देखणी, पण ब्रेकच्या बाबतीत साधीच. चारही चाकांना ड्रम. पुढचे डिस्क हवे असतील तर जादा पैसे मोजायचे.

ड्रमला उगाच नावं ठेवू नका. चाक फिरत असताना पुढचा शू ड्रमवर आपोआप घट्ट ओढला जातो, म्हणून हलक्या पायानेही गाडी थांबते. खरी अडचण घाटाच्या लांब उतारावर: ड्रम तापतो, पकड सुटू लागते. पाण्यातून गाडी काढली की पुन्हा तेच.

डिस्कमध्ये ही स्वतःहून घट्ट होण्याची सोय नाही. त्यामुळे नुसते कॅलिपर बदलले की पेडल दगडासारखं लागतं. मग बूस्टर बसवा, नाहीतर कमी व्यासाचा मास्टर सिलिंडर. पण कमी व्यास म्हणजे पेडलचा प्रवास जास्त, हे हिशेबात धरा.

मास्टर सिलिंडर तर बदलाच. १९६६ पर्यंत या गाडीत एकच सर्किट असे. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले! १९६७ पासून दुहेरी आला. ड्रमसाठीचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह पुढच्या लाइनमध्ये राहिला, तर पॅड डिस्कला घासत राहतात. मागे ड्रमच ठेवणार असाल तर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा, नाहीतर जोरात ब्रेक दाबताच मागची चाकं आधी लॉक होतात.

सहा सिलिंडरवाल्यांनो, तुमच्या हबला चारच बोल्ट. व्ही-८ ला पाच. किट मागवण्याआधी मोजा.