धुरांड्याला आग कशी लागते? बेकरीची भट्टी असो वा घरची चिमणी, कारण एकच!

मुंबईत थंडीसाठी घरात लाकडं पेटवावी लागत नाहीत. पण अंधेरी असो वा मुलुंड, सकाळचा लादी पाव अनेक बेकऱ्यांत लाकडाच्या भट्टीवरच भाजला जात आला आहे. भट्टी आली की धुरांडं आलंच. त्याला आग लागली की आपण भट्टीतल्या जाळाला दोष देतो. खरं तर पेटतो तो धुरांड्यात साचलेला थर.

हा थर येतो कुठून?

लाकूड अर्धवट जळलं की धुरासोबत डांबरासारखी वाफ वर जाते आणि धुरांड्याच्या थंड भागात चिकटते. या काळ्या थराला क्रिओसोट म्हणतात. एखादी ठिणगी पोहोचली की तो पेटतो. तापमान १००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं आणि लगतचं छप्परही पेट घेऊ शकतं.

काय टाळावं?

ओलं लाकूड जास्त धूर करतं, म्हणून ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी हवा. पावसाळ्यात लाकूड झाकून ठेवा. हवा कोंडून जाळ धुमसत ठेवू नका. धुरांडं वेळोवेळी खरवडून घ्या.

गॅस आला की धोका संपला?

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूरना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. कारण होतं हवेचं प्रदूषण. पण इंधन बदललं तरी जुन्या धुरांड्यातला थर तसाच राहतो. बदलाआधी तो काढायलाच हवा.

आणि आपल्या घरी?

किचन चिमणीत क्रिओसोट नसतो, पण फोडणीचं आणि तळणाचं तेल साचतं. कढईतला भडका वर गेला तर तेच पेटतं. म्हणून:

- जाळीचा फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी गरम पाणी आणि साबणाने धुवा.
- 'फिल्टरलेस' चिमणी असेल तर तेलाची वाटी रिकामी करा.
- सर्व्हिसिंगवेळी बाहेर जाणारा पाइपही आतून साफ करून घ्या. हाच भाग बहुतेकदा राहून जातो.

आग लागलीच तर?

शक्य असेल तर गॅस आणि चिमणी बंद करा. कढईवर झाकण ठेवा. तेलाच्या आगीवर पाणी कधीच ओतू नका, भडका वाढतो. आग पाइपात शिरली असेल तर थांबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ वर फोन करा.

आज स्वयंपाक झाल्यावर, चिमणी गार झाली की फिल्टरवर बोट फिरवून बघा. चिकट लागलं, तर सफाईचा दिवस आजच!