प्रकाशाची अखंड रेषा

शिल्प म्हटले की पाषाण, लाकूड, माती आणि धातू ही साधने प्रथम डोळ्यांसमोर येतात. छिन्नी आणि हातोडा घेऊन शिल्पकार दगडाचा नको असलेला भाग काढून टाकतो आणि उरलेल्या भागातून मूर्ती प्रकट होते. मातीच्या कामात तो थोडी थोडी भर घालीत जातो. धातूच्या कामात साच्यात रस ओततो. या रीती हजारो वर्षे चालत आल्या आहेत. त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. शिल्पकाराच्या हाती प्रथम जे येते, ते केवळ द्रव्य असते. त्याला रूप देण्याचे काम शिल्पकाराचे.

विसाव्या शतकात काही कलावंतांच्या मनात निराळाच विचार आला. ज्या वस्तूंना आधीच रूप आहे, ज्या कोणीतरी वापरल्या आहेत आणि वापरून झाल्यावर टाकून दिल्या आहेत, त्यांचे शिल्प होऊ शकेल काय? पाब्लो पिकासो या विख्यात चित्रकाराने १९४२ साली या प्रश्नाचे मोठे गमतीदार उत्तर दिले. पॅरिस शहर त्या वेळी जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. भंगाराच्या एका ढिगात पिकासोला सायकलची जुनी सीट आणि गंजलेले हँडल दिसले. त्याने सीट उभी धरली, तिच्या वरच्या बाजूस हँडल बसविले आणि पाहतो तो काय, वळणदार शिंगांचा बैल समोर उभा! त्याने काही कोरले नाही, काही घडविले नाही. दोन वस्तूंच्या जागा तेवढ्या बदलल्या. हे शिल्प कोणी फेकून दिले, तर एखाद्या सायकलस्वाराला त्यात पुन्हा सीट आणि हँडल सापडावे, असे पिकासो विनोदाने म्हणत असे. बैल आणि सायकल ही दोन्ही रूपे त्या वस्तूंत एकाच वेळी नांदत होती, हेच त्याला सुचवावयाचे होते.

टाकलेल्या वस्तूंच्या या कलेला पुढे एक अनपेक्षित जोड मिळाली. ती म्हणजे विजेच्या प्रकाशाची. इटलीतील तूरिन या कारखान्यांच्या शहरात मारिओ मेर्त्स नावाचा एक कलावंत राहत होता. १९६६ च्या सुमारास त्याने रोजच्या वापरातील काही साध्या वस्तू घेतल्या. त्यांत छत्री होती, बाटली होती आणि पावसाळी कोटही होता. या वस्तूंतून त्याने प्रकाशाची नळी आरपार नेली. भाला जसा ढालीतून जावा, तशी ती झगझगीत रेषा छत्रीच्या कापडातून पलीकडे गेली. ही नळी निऑनची होती. मेर्त्सने हीच नळी का निवडली, हे कळण्यासाठी निऑनचा परिचय करून घेणे अवश्य आहे.

निऑन हा एक वायू आहे. तो आपल्या सभोवतालच्या हवेतच असतो. परंतु त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि त्याचे प्रमाण तर इतके अल्प की सुमारे ५५,००० लिटर हवेत तो अवघा १ लिटर सापडतो. त्यामुळे शतकानुशतके मनुष्य तो श्वासाबरोबर आत घेत होता, तरी त्याचे अस्तित्व कोणास ठाऊक नव्हते. १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅमझी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी अतिशय थंड करून द्रवरूप केलेल्या हवेतून निघणारे वायू वेगवेगळे केले. त्यांपैकी एक वायू काचेच्या नळीत भरून त्यांतून त्यांनी वीज सोडली, तोच नळीतून किरमिजी प्रकाशाचा लोट उसळला. असा प्रकाश देणारा वायू त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. रॅमझीच्या तेरा वर्षांच्या मुलाने ही वार्ता ऐकून सुचविले की, या वायूला ‘नवा’ या अर्थाचे लॅटिन नाव द्यावे. पित्याला कल्पना आवडली. त्याने लॅटिनऐवजी त्याच अर्थाचा ग्रीक शब्द घेतला, आणि ‘निऑन’ हे नाव रूढ झाले.

साध्या दिव्यात धातूची बारीक तार तापून प्रकाश देते. निऑनच्या नळीत तारच नसते. नळीच्या दोन टोकांना विजेचे दोन अग्र असतात आणि मधली पोकळी अत्यंत विरळ वायूने भरलेली असते. हजारो व्होल्टांचा विद्युद्दाब दिला, की विजेचे सूक्ष्म कण या वायूतून धावू लागतात आणि वायूच्या अणूंवर आदळतात. आघाताने अणूला जी ऊर्जा मिळते, ती तो क्षणार्धात प्रकाशाच्या रूपाने परत करतो. प्रत्येक वायूच्या प्रकाशाचा रंग ठरलेला असतो. निऑनचा रंग नारिंगी झाक असलेला तांबडा. निळसर प्रकाश हवा असल्यास आर्गॉन वायूत थोडा पारा घालतात. इतर रंगांसाठी नळीच्या आतल्या बाजूस निरनिराळे लेप देतात किंवा रंगीत काच वापरतात. १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोद याने सुमारे १२ मीटर लांबीच्या दोन नळ्या उजळून दाखविल्या आणि लवकरच दुकाने, उपाहारगृहे आणि नाटकगृहे यांच्या पाट्या निऑनने झळकू लागल्या.

ही नळी तयार करण्याचे काम मोठ्या कौशल्याचे आहे. कारागीर प्रथम हव्या त्या आकृतीचे पूर्ण मापाचे रेखाचित्र काढतो. मग काचेची सरळ नळी तो वायूच्या ज्योतीवर फिरवीत तापवितो. काच मऊ झाली की ती रेखाचित्रावर धरून वाकवावयाची. पण त्यासाठी त्याला काही क्षणच मिळतात. काच निवली तर ती वाकत नाही आणि अधिक तापली तर ओघळू लागते. शिवाय वाकविताना नळी चेपून तिची पोकळी बुजण्याचा धोका असतो. म्हणून नळीच्या एका टोकाला रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक कारागीर तोंडात धरतो आणि हातांनी वळण देत असतानाच हलकी फुंकर घालून पोकळी शाबूत राखतो. आकार पूर्ण झाला, की टोकांना विजेचे अग्र जोडून आतील हवा काढून घेतात, नळी तापवून आतील अशुद्ध द्रव्ये घालवितात, थोडासा निऑन भरतात आणि नळी कायमची बंद करतात.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नळीची वाट अखंड असावी लागते. ती मध्ये कोठेही तुटून चालत नाही. निऑनने एखादा शब्द लिहावयाचा असला, तर एक अक्षर संपल्यावर कारागिराला लेखणी उचलता येत नाही. नळी तशीच पुढच्या अक्षरापर्यंत न्यावी लागते. मधला जोड दिसू नये, म्हणून तेवढ्या भागाला काळा रंग फासतात. पाहणाऱ्याला अक्षरे सुटी दिसतात, पण काचेच्या आत वाट एकच असते. नळीला केसाएवढी चीर पडली आणि बाहेरची हवा आत शिरली, तर काही वेळाने सारी रेषा अंधारी होते.

मारिओ मेर्त्सच्या आयुष्यातही अशी एक अखंड रेषा होती. त्याचा जन्म १९२५ साली मिलान येथे झाला आणि तो तूरिनमध्ये वाढला. काही काळ त्याने वैद्यकाचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात इटलीवर हुकूमशाहीचा अंमल असताना तो तिच्याविरुद्ध लढणाऱ्या एका गटात सामील झाला आणि १९४५ साली पकडला गेला. तुरुंगात रंग नव्हते, कुंचले नव्हते. जो कागद हाती लागेल त्यावर तो चित्रे काढीत राहिला. तेथेच त्याने पेन्सिलीचे टोक कागदावरून न उचलता सबंध चित्र एकाच रेषेत काढण्याचा प्रयोग केला. बंद कोठडीत हात थांबू न देणे हेच ज्याचे स्वातंत्र्य, त्याच्या हाती वीस वर्षांनी काचेची प्रकाशमान नळी आली. ती पाहताना तुरुंगातील त्या न तुटणाऱ्या रेषेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मेर्त्सने जाहिरातींच्या पाट्यांवरील हा प्रकाश उचलून अगदी सामान्य वस्तूंत आणून ठेवला. बाजारात निऑनचे काम नव्या वस्तूंकडे गिऱ्हाइकाचे लक्ष ओढण्याचे. येथे तोच प्रकाश जुन्या छत्रीकडे लक्ष वेधू लागला. इटलीत त्या काळी कारखानदारी झपाट्याने वाढत होती. नव्या वस्तूंचे आकर्षण सर्वांना लागले होते. अशा वेळी काही तरुण कलावंत माती, चिंध्या, काटक्या, दगड, जुनी वर्तमानपत्रे अशा किंमत नसलेल्या वस्तूंकडे वळले. १९६७ साली जेर्मानो चेलांत या समीक्षकाने त्यांच्या कलेला ‘आर्ते पोव्हेरा’, म्हणजे ‘दरिद्री कला’, असे नाव दिले. दारिद्र्य होते ते साधनांचे, कल्पनेचे नव्हे.

छत्रीतून नळी घालणे ही कला कशी, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच चुकीचा आहे असे नाही. कोणत्याही दोन वस्तू एकत्र बांधल्याने शिल्प होत नाही. परंतु येथे काय घडते ते पाहावे. छत्री पावसाला अडविण्यासाठी असते. तिच्यातून आरपार जाणारी रेषा तिचे हे कामच मोडते. ती आता पाऊस अडवू शकत नाही; पण तिच्या काड्या, तिचे ताणलेले कापड आणि कापडाच्या घड्या त्या प्रकाशात पहिल्यांदा दिसू लागतात. उपयोग संपला आणि रूप उरले. एरवी छत्री उघडताना तिच्याकडे निरखून पाहण्यास सवड कोणाला असते?

१९६८ पासून मेर्त्स इग्लू बांधू लागला. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इन्यूइट लोक बर्फाचे अर्धगोल निवारे बांधतात. त्यांस इग्लू म्हणतात. मेर्त्सच्या इग्लूंचा सांगाडा धातूचा असे. त्यावर कधी मातीने भरलेल्या पिशव्या, कधी फुटक्या काचा, कधी दगडी फरश्या रचलेल्या असत आणि त्यांवरून निऑनची अक्षरे धावत. घर ही मनुष्याची पहिली गरज आहे, आणि हाताशी असेल त्यातून तो घर उभारतो, हा त्या रचनेचा अर्थ.

१९७० पासून त्याच्या कलेत निऑनचे आकडे आले. १, १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी ही संख्यांची माळ आहे. मागील दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढली संख्या. इटलीतील पिसा येथील गणिती फिबोनाची याने १२०२ साली आपल्या ग्रंथात ती दिली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भारतात मात्र ती त्याआधीच छंदःशास्त्रात गवसली होती. लघू अक्षराची मात्रा एक आणि गुरू अक्षराच्या मात्रा दोन. मग ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारांनी रचता येईल? एका मात्रेची १, दोन मात्रांची २, तीन मात्रांची ३, चार मात्रांची ५, पाच मात्रांची ८ प्रकारांनी. गुजरातमधील हेमचंद्राने बाराव्या शतकात हा नियम सांगितला. मेर्त्सला या संख्यांत वाढीचे चिन्ह दिसले. कारण सूर्यफुलातील बियांच्या आणि देवदाराच्या फळातील खवल्यांच्या ओळी मोजल्या, तर बहुधा याच संख्या मिळतात. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवरही त्याने हे आकडे उजळले. तूरिनमधील मोले आंतोनेल्लियाना ही इमारत १६७ मीटर उंच आहे. तिच्या घुमटावर मेर्त्सच्या योजनेप्रमाणे हेच तांबडे आकडे एकावर एक चढत गेलेले आहेत.

पाषाणाची मूर्ती अंधारातही मूर्तीच असते. निऑनचे शिल्प तसे नाही. कळ बंद केली की छत्री ही केवळ फाटकी छत्री उरते. नळी फुटली, तर त्याच मापाची नवी नळी करून बसवावी लागते, आणि त्यासाठी ज्योतीवर काच वाकविणारा कारागीर असावा लागतो. अलीकडे पाट्यांसाठी एलईडी दिव्यांच्या लवचिक पट्ट्या सर्रास वापरल्या जातात. त्या स्वस्त असतात आणि वीजही कमी घेतात. त्यामुळे काचनळीचे कारागीर विरळ होत चालले आहेत. टाकाऊ वस्तूंना ज्या प्रकाशाने नवे जीवन दिले, तो प्रकाशच आता जुना आणि टाकाऊ ठरू पाहत आहे. त्याला जपणे हे आता पुढच्या पिढीचे काम होय.

मेर्त्स २००३ साली मरण पावला. त्याच्या नावाची संस्था २००५ साली तूरिनमध्ये सुरू झाली. तिच्यासाठी नवी इमारत बांधली नाही. लांचिया या मोटार कंपनीचे एक जुने उष्णताकेंद्र वापरावाचून पडून होते. तेच साफसूफ करून घेतले. पूर्वी ज्या वास्तूतून कारखान्याला ऊब मिळत असे, तेथे आता त्याचे इग्लू मांडले जातात आणि काचेच्या नळ्यांतून तांबडी रेषा उजळते.