आमच्या विमानाचे आकडे कसे वाचायचे?

सुट्टीत घरी गेलो की बाबा विचारतात, "काय रे, विमान उडतं की नुसतं लॅपटॉपवरच असतं?" हा लेख थोडा त्यांच्यासाठी आहे आणि जास्त सातवी-आठवीच्या ज्युनिअर्ससाठी. पुढच्या टर्मला क्लबचं एकुलतं एक विमान त्यांच्या हातात जाणार आहे.

विमान फोमचं आहे. त्याच्या पोटात आगपेटीएवढा फ्लाइट कंट्रोलर बसवलाय आणि त्यावर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर चालतं. सेटिंग्जची यादी उघडली की शेकडो ओळी दिसतात. घाबरू नका, रोलच्या, म्हणजे पंख कलण्याच्या, चार-पाच ओळींपासून सुरुवात करा.

पहिली ओळ टाइम कॉन्स्टंटची. ती मुळात ०.५ सेकंद असते. समजा विमान सरळ चाललंय आणि आपण स्टिकने ३० अंशांचा कल मागितला. फरक ३०, त्याला ०.५ ने भागलं की आले ६०. म्हणजे कंट्रोलर म्हणतो, सेकंदाला ६० अंश या वेगाने कलायला सुरुवात कर. टाइम कॉन्स्टंट १ केला तर तो ३० च मागेल आणि विमान सुस्त वाटेल.

आता हे ६० एलेरॉनपर्यंत पोहोचवायचे कसे? इथे ड्रोनवाले मित्र फसतात. चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये मुख्य काम पी करतो. विमानाचं तसं नसतं. एलेरॉन ठरावीक कोनात वळवून धरला की विमान जवळजवळ ठरावीक वेगानेच कलत राहतं, कारण पंखांना हवेचा अडथळा असतो. मग चूक व्हायची वाट कशाला पाहायची? "एवढा वेग हवा, तर एवढा एलेरॉन" हे आधीच सांगता येतं. हाच फीडफॉरवर्ड, आमच्या भाषेत एफएफ. माझ्या मते विमानाच्या यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा.

उरलेलं काम पी, आय आणि डी करतात. आत्ता जेवढी चूक दिसते, तेवढी दुरुस्ती पी करतो. आय जुनी चूक विसरत नाही. आमचा डावा पंख दोनदा चिकटवलेला असल्यामुळे जड आहे, त्याची भरपाई हाच करतो. डी हेलकाव्यांना आवर घालतो, पण वाढवला की स्वतःच थरथर सुरू करतो. ही कल्पना जहाजांवरून आली. सुकाणूवरचा माणूस नुसती आत्ताची चूक बघत नाही, ती किती वेळ आहे आणि किती झपाट्याने बदलतेय हेही बघतो, हे निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये गणितात मांडलं. अमेरिकी नौदलाच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या.

आता माझा पराक्रम. विमान वळायला आळस करत होतं. मी उड्डाणाचा लॉग न बघता पी दुप्पट केला. हळू उडताना सगळं ठीक होतं. मग मी पूर्ण थ्रॉटल दिला आणि पंख थरथरायला लागले. वेग वाढला की तेवढ्याच एलेरॉनचा जोर कितीतरी वाढतो. कंट्रोलर वेगाप्रमाणे दुरुस्ती कमी करतो खरा, पण आमच्याकडे हवेचा वेग मोजणारा सेन्सर नाही, त्यामुळे तो अंदाजावर चालतो. थरथरीत एका सर्व्होचे दात गेले आणि विमान सरसोंच्या शेतात नाक खुपसून पडलं. उस्ताद ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "लॉग निकालो." ते जास्त लागलं.

लॉगमध्ये दोन रेषा होत्या, मागितलेला वेग आणि मिळालेला वेग. आधीच्या उड्डाणात मागितले ६०, मिळाले ३५. दोन्ही रेषांचा आकार सारखाच होता, फक्त दुसरीची उंची कमी. असं दिसलं की समजा एफएफ कमी आहे. दुसरी रेषा पहिलीभोवती करवतीच्या दातांसारखी वरखाली होत असेल, तर पी किंवा डी जास्त आहे. माझ्या उड्डाणात नेमकी करवत होती. दुखणं एफएफचं होतं आणि मी औषध पीला दिलं.

हे सगळं ऑटोट्यून मोडही करतो. त्यात स्टिक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे अशी वीसेक वेळा हलवायची. त्याची पातळी मुळात ६ असते, ती तशीच राहू द्या. पण नंतर आलेले आकडे वाचा. वाचता येत नसतील तर ते बरोबर आहेत की नाही हे कळणार कसं?

उडवण्याआधी एक तपासणी, तीही प्रोपेलर काढून. एफबीडब्ल्यूए मोड लावा आणि विमान हातात धरून उजवीकडे कलवा. उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. वर गेला, तर सर्व्होची दिशा उलटी आहे आणि कुठलाही आकडा तुम्हाला वाचवणार नाही.

नवा सर्व्हो बसलाय. पी पुन्हा जुन्या आकड्यावर आणलाय, एफएफ थोडा थोडा करून वाढवतोय. गेल्या रविवारी मागितले ६० आणि मिळाले ५४.