पार्ले-जीचा पुडा अजून पाच रुपयांना कसा मिळतो?

माण तालुक्यात दहिवडीला चहा घ्या नाहीतर म्हसवडला, टपरीवर पार्ले-जीचा पाच रुपयांचा पुडा दिसतोच. दूध, साखर, डिझेल सगळं महागलं, तरी हा पुडा पाच रुपयांच्या नाण्यात कसा बसतो?

सुरुवात मुंबईतली. 1929 मध्ये मोहनलाल दयाल चौहान यांनी विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटचा छोटा कारखाना काढला. उपनगराचं नाव तेच कंपनीचं झालं. बिस्किटं आली साधारण दहा वर्षांनी. तेव्हा बिस्किट म्हणजे महागडा विलायती पदार्थ. पार्लेचं 'ग्लुको' सामान्य माणसाच्या खिशासाठी होतं.

ते चाललं, पण नकलाही आल्या. ग्लुकोज हा शब्द कुणाच्याच मालकीचा नव्हता. 'ग्लुकोजचा पुडा द्या' म्हटलं की दुकानदार कुठलाही पुढे करायचा. म्हणून 1980 च्या दशकात नाव झालं पार्ले-जी. यातला 'जी' ग्लुकोजचा. 'जीनियस' जाहिरातीने नंतर जोडलं. (आणि पुड्यावरची मुलगी? व्हॉट्सअॅपवर तिची बरीच नावं फिरतात, पण ते कुणा खऱ्या मुलीचा फोटो नसून चित्र आहे, असं कंपनीनेच सांगितलंय.)

आता किमतीचं गणित. मध्यंतरी कंपनीने पुड्यामागे फक्त 50 पैसे वाढवून पाहिले. खप घसरला आणि वाढ मागे घ्यावी लागली. मग किमतीला हात न लावता वजन कमी करायचं, असं ठरलं. पूर्वी 4 रुपयांत 100 ग्रॅमचा पुडा यायचा. पुढे थोडे थोडे ग्रॅम कमी होत गेले. वजन पुड्यावर छापलेलं असतं, पण पाच रुपयांच्या खरेदीत ते वाचतंय कोण?

विलेपार्ले स्टेशनवर लोकलमध्ये शिरणारा बिस्किटांचा वास मात्र गेला. तिथला मूळ कारखाना 2016 मध्ये बंद झाला.

पुढच्याच वर्षी बिस्किटांवर 18 टक्के जीएसटी लागला. इतक्या कमी किमतीच्या मालाला तो जड गेला. मागणी अशीच घटत राहिली तर 8 ते 10 हजार नोकऱ्या जाऊ शकतात, असा इशारा 2019 मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याने दिला होता. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चित्र उलटलं. घरी, वाटेत आणि मदतीच्या पाकिटांत हाच पुडा होता, आणि विक्रमी विक्री झाल्याचं कंपनीने सांगितलं. कर कमी व्हायला 22 सप्टेंबर 2025 उजाडला. त्या दिवसापासून बिस्किटांवर 5 टक्के जीएसटी आहे.