बिनविसळीची मोटारधुलाई

मोटार धुवायची म्हणजे पाणी भरपूर हवे, अशी आपली पक्की समजूत आहे. रविवारी सकाळी नळाला रबरी पाइप जोडावा, गाडी अंगणात काढावी आणि फवारा सोडावा, हा मोटारवाल्या घरांचा जणू कुळाचारच. जेथे पाणी पाळीने येते तेथेही हा कुळाचार चुकत नाही, फक्त त्याचा वार बदलतो. आमच्या बेळगावात 'नळाला पाणी आलं काय?' आणि 'नीरु बंतेनु?' हे दोन प्रश्न एकाच गल्लीत, एकाच वेळी, समोरासमोरच्या दारांतून ऐकू येतात. ते पाणी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून किंवा घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून, शुद्ध होऊन, नळावाटे आपल्या दारी येते आणि मोटारीच्या चाकांवरून गटारात जाते.

हे नुसते रडगाणे नव्हे. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाण्याची टंचाई इतकी वाढली, की तेथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घातली व दंड ५,००० रुपये ठेवला. आपल्याच राज्याच्या राजधानीतील ही गोष्ट आहे.

पाइपने नेमके किती पाणी जाते हे काढणे सोपे आहे. घड्याळ लावून बादली भरावी. आमच्या घरी १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाइप दहा मिनिटे चालू राहिला की १२० लिटर गेले. प्रस्तुत लेखात ज्या पद्धतीची माहिती द्यायची आहे, तिला लहान गाडीसाठी चार लिटर पुरतात आणि मोठ्या गाडीसाठी आठ.

इंग्रजीत ह्या पद्धतीला 'रिन्सलेस वॉश' म्हणतात. आपण 'बिनविसळीची धुलाई' म्हणू. बादलीभर पाण्यात थोडे द्रावण मिसळायचे, त्यात भिजवलेल्या कापडाने गाडी पुसायची आणि लगेच कोरडी करायची. वरून पुन्हा पाणी ओतायचे नाही. हे ऐकून आमच्या आजीने नाक मुरडले. विसळले नाही ते धुतले कसे, हा तिचा सवाल. सवाल बिनतोड आहे. साबणाने घासलेले ताट न विसळता कोणी वाढून घेईल काय? पण तीच आजी लादी पुसून झाल्यावर तीवर पाणी ओतून विसळत नाही. तेथे घाण फडक्याबरोबर निघून जाते आणि मागे राहते ते डोळ्यांना दिसत नाही इतके थोडे असते. ह्या धुलाईचेही तसेच आहे. साध्या शांपूत फेस करणारी द्रव्ये पुष्कळ असतात. ती वाळली तर डाग पडतात, म्हणून विसळणे भाग पडते. ह्या द्रावणात ती अगदी थोडी असतात, फेस जवळजवळ येतच नाही, आणि मुख्य काम पॉलिमर करतात. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळीसारखे रेणू. ते धुळीच्या कणाभोवती गुंडाळले जातात आणि कण व रंग ह्यांच्यामध्ये एक बुळबुळीत थर तयार होतो. कण सैल होऊन कापडाच्या तंतूंत शिरतो.

येथे मुळातच एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोटारीच्या रंगाचा शत्रू पाण्याची कमतरता नसून घासलेली धूळ आहे. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. उलट रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात आणि काठिण्याच्या मोजपट्टीवर गारगोटी सातव्या पायरीवर बसते. पोलादी चाकूलाही ती ओरखडा पाडते. अशी धूळ अंगावर असलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे तीवर पॉलिश पेपर फिरवणेच. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती अशीच पडलेली असतात. पाइप लावणाऱ्याची गाडीही त्यातून सुटत नाही, कारण पुढे तो एकाच जुन्या बनियनने सगळी गाडी चोळतो.

तेव्हा खरे महत्त्व द्रावणापेक्षा कापडाला आणि हाताला आहे. सुती फडके येथे उपयोगाचे नाही, मायक्रोफायबरचे हवे. हे कापड पॉलिएस्टर व नायलॉन ह्यांच्या अतिबारीक, चिरलेल्या तंतूंचे असते. त्या चिरांत कण अडकून बसतो, पृष्ठभागावर घरंगळत राहत नाही. अशी सहा-आठ कापडे घ्यावीत आणि सगळी एकदमच बादलीत भिजत टाकावीत. एक उचलून हलके पिळावे व दोनदा दुमडावे, म्हणजे चौकोनी घडी होते आणि उलटसुलट धरून तिच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू एका पट्ट्यावरून एकदा फिरवायची, आणि तीही सरळ रेषेत. गोल गोल फिरवायची नाही. हाताचा दाब द्यायचा नाही, कापडाचे स्वतःचे वजन पुरते. बाजू मळली की दुसरी काढावी. आठही संपल्या की ते कापड बाजूला ठेवावे आणि नवे घ्यावे. मळलेले कापड पुन्हा बादलीत बुडवायचे नाही. सगळ्या पद्धतीचे इंगित ह्या एका नियमात आहे. तो पाळला तर बादलीतले पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहते. मोडला तर आपण धूळच कालवून अंगाला लावत बसतो.

त्याआधी एक पायरी आहे आणि घाईत तीच गाळली जाते. हेच द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत भरून आधी गाडीच्या त्या भागावर शिंपडावे आणि मिनिटभर थांबावे. धूळ भिजून सैल झाली की मगच कापड लावावे. गाडी सावलीत असावी आणि बॉनेट हाताला थंड लागावे, नाहीतर द्रावण पुसण्याआधीच वाळते. टपापासून सुरुवात करून खाली यावे. दाराखालचा पट्टा सर्वांत मळका म्हणून सर्वांत शेवटी. एक भाग पुसला की लगेच कोरड्या, मोठ्या कापडाने टिपून घ्यावा आणि मग पुढे सरकावे. चाकांना वेगळे कापड, आणि ते कायमचे वेगळे.

आता प्रमाणाविषयी. ह्या प्रकारातील नावाजलेल्या 'ऑप्टिमम नो रिन्स' ह्या अमेरिकन द्रावणाचे प्रमाण दोन गॅलन पाण्याला एक औंस असे आहे. आपल्या मापात बसवले तर ते एकास २५६ पडते, म्हणजे लिटरला सुमारे ४ मिलिलिटर. चार लिटरला १६, साधारण तीन चहाचे चमचे. 'थोडे जास्त घातले तर जास्त स्वच्छ होईल' हा आपला स्वयंपाकघरातला हिशेब येथे चालत नाही. जास्त झाले की काचेवर पट्टे उमटतात. दुसऱ्या कंपनीची बाटली असेल तर तिच्यावरचे प्रमाण पाहावे.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी खर्चाचे बोलल्याशिवाय राहणार नाही, हे वाचकांनी ओळखले असेलच. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत लहान गाडीच्या सुमारे ३० धुलाया होतात. बाटली ९०० रुपयांची धरली तर एका धुलाईस ३० रुपये. कापडांचा खर्च वेगळा, पण ती नीट ठेवली तर पुष्कळ दिवस टिकतात, म्हणून तो भांडवली खर्चात टाकू. उलट बाजूला, वाचलेल्या शंभराहून अधिक लिटरची किंमत नळाच्या बिलात इतकी थोडी येते, की वहीत मांडायलाही लाज वाटावी. म्हणजे निव्वळ रुपयांत पाहता ही पद्धत स्वस्त ठरत नाही, आणि ती स्वस्त आहे असे सांगणारे जाहिरात करीत असतात. मात्र ताळेबंदात पाण्याची जी किंमत दिसते ती पाण्याची खरी किंमत नव्हे. तोच नळ आठ दिवस कोरडा राहिला आणि टँकर मागवावा लागला, की खरा दर कळतो. अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'बाह्य खर्च' म्हणून जे घोकतो ते हेच. आपल्या पाइपचा खर्च उताराच्या टोकाला राहणाऱ्या घरात जमा होतो.

ह्या धुलाईच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जांबोटीच्या रस्त्याने पावसाळ्यात जाऊन आलेल्या गाडीवर तांबड्या चिखलाचे पापुद्रे धरलेले असतात. तेथे कापड लावणे म्हणजे रंगाचा सत्यानाश. आधी पाण्याच्या धारेने चिखल उतरवलाच पाहिजे. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी साठवले तर तेही चालते. साध्या शहरी धुळीला, आठवड्याच्या मळाला मात्र ही पद्धत उत्तम.

गाड्या धुऊन पोट भरणाऱ्यांचाही येथे विचार हवा. टिळकवाडी-हिंदवाडीकडच्या इमारतींत पहाटे एक पोरगा येतो आणि एक बादली व एक फडके ह्यांवर सहा-सात गाड्या पुसून जातो. पहिल्या गाडीची धूळ सातवीला लागते, आणि ओरखडे दिसले की बोलणी त्याला बसतात. त्याच्या हातात आठ कापडे आणि लहानशी बाटली देणे हे गाडीमालकाचेच काम आहे. महिन्याच्या पगारात ते त्याने कोठून आणावे? पाण्याच्या बादल्या जिन्याखालून वाहण्याचे त्याचे श्रम वाचतील ते वेगळेच.

काम संपल्यावर कापडे साध्या पातळ साबणात, सुती कपड्यांपासून वेगळी धुवावीत, कारण सुताची लव त्यांना चिकटते. कपडे मऊ करण्याचे औषध घालू नये, त्याने तंतू बुजतात. वाळवताना जमिनीवर पडलेले कापड चाकांच्या ढिगात टाकावे. चाके धुतलेल्या पाण्यात ब्रेकचे लोखंडी कण आणि तेलकट मळ असतो; ते मिरची-वांग्याच्या वाफ्याला घालू नये.