गळ्यातून कागदावर: लिंगोची गाथा आणि चार शुभवर्तमानं

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्राचीन लिखाणाचा विषय निघाला की अभ्यासक आधी दगडाकडे धावतात. नागभीड तालुक्यातल्या देवटेकची शिळा त्यांना तोंडपाठ असते. तिच्यावर प्राणिहत्येला मनाई करणारा ब्राह्मीतला जुना हुकूम आहे आणि कित्येक शतकांनी कोरलेला वाकाटक रुद्रसेनाचा लेखही आहे. भांदकला राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाचा शके ६९४चा ताम्रपट मिळाला. यावर पुष्कळ लिहून झालं आहे, आणखी भर घालायची गरज नाही.

या मुलखाचा खरा ऐवज परधानांच्या, म्हणजे गोंडांच्या पिढीजात गायकांच्या, गळ्यात होता. गोंडांचा धर्मग्रंथ कुठं आहे, असं विचारणाऱ्याला चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे या सगांच्या, म्हणजे कुळगटांच्या, उत्पत्तीचं गाणं ऐकवावं लागतं. ते गाणं किंगरीच्या तीन तारांवर चालतं. परधान दात्याच्या, म्हणजे गोंड यजमानाच्या, घरी येतो, पेनाची, म्हणजे देवाची, पूजा मांडलेली असते, आणि लिंगो या आद्य नायकानं गोंडांना गुहेतून कसं सोडवलं ते रात्र रात्र गातो. कुठं घाई केली किंवा एखाद्या कुळाचं नाव गाळलं, तर ऐकणारे म्हातारे तिथल्या तिथं टोकतात. संहिता राखण्याची याहून कडक व्यवस्था फार थोड्या ग्रंथालयांत सापडेल.

‘लेखी पुरावा दाखवा, मगच बोला’ असा हेका धरणारी मंडळी विदर्भाच्या इतिहासलेखनात पूर्वीपासून आहेत. त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांचा इतिहास एकदा नीट वाचावा. येशूनं स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ नाही. तो अरामी बोलत होता, शुभवर्तमानं मात्र ग्रीकमध्ये आहेत. त्यांतलं सर्वांत जुनं मानलं जाणारं मार्कचं शुभवर्तमान इ.स. ७०च्या आसपासचं, म्हणजे वधस्तंभानंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलेलं. मधली सगळी वर्षं तोंडी गेली. पुढं दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिएरापोलिसचा पापियास पुस्तकापेक्षा जिवंत माणसाच्या तोंडची आठवण अधिक मोलाची मानत होता, आणि तेव्हा पुस्तकं हाताशी होती.

ती पुस्तकं कशी होती? गुंडाळीऐवजी पपायरसची पानं दुमडून शिवलेल्या वह्यांना ख्रिस्ती लेखनिकांनी लवकर पसंती दिली. देव, येशू यांसारखी नावं ते संक्षेपानं लिहीत आणि वर आडवी रेघ ओढत. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातला योहानाचा तुकडा तळहातावर मावेल एवढाच आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात पानोपानी दुरुस्त्या आहेत. त्यात मार्कचं शुभवर्तमान रिकाम्या कबरीपासून भिऊन पळणाऱ्या बायकांपाशी थांबतं. पुढच्या बारा ओव्या नंतरच्या प्रतींमध्ये येतात. त्यामुळं मार्क खोटा ठरला नाही, उलट त्याच्या अभ्यासाचं एक मोठं शास्त्र उभं राहिलं.

लिंगोच्या गाथेला लेखनिक मिळाला तोही मिशनरीच. स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपूरला आला. दगड, जीवाश्म, भाषा, शिळावर्तुळं, सगळ्यांतच त्याला रस. परधानाच्या तोंडची गोंडी गाथा त्यानं रोमन अक्षरांत उतरवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पुरानं भरलेल्या नाल्यात तो बुडाला. मागं राहिलेले कागद चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६मध्ये छापले. १८७०च्या दशकात दुसऱ्या मिशनऱ्यानं, जेम्स डॉसननं, शुभवर्तमान गोंडीत नेलं. दोन धर्मांचं तोंडी धन अशा रीतीनं एकाच भाषेत कागदावर आलं, आणि ही गोष्ट विदर्भाच्या वाङ्मयेतिहासात ठळकपणे यायला हवी.

हिस्लॉपच्या पाठात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि दारावर सोळा हातांची शिळा लावतो. रिकाड गवाडी नावाचा म्हातारा राक्षस लिंगोच्या वाद्याच्या नादावर नाचू लागतो. गुहेतल्यांच्या सुटकेसाठी लिंगोला बिंदो पक्ष्याची पिल्लं आणावी लागतात. कचारगडच्या माघी जत्रेत सांगितली जाणारी कथा वेगळी आहे: हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीनं शिळा हलते आणि तो तिच्याखाली चिरडला जातो. मानववंशशास्त्रज्ञ एल्विननं १९४७मध्ये छापलेल्या मुरिया गोंडांच्या कथांत लिंगो अठरा वाद्यं वाजवतो आणि घोटुल, म्हणजे तरुणांचं सामूहिक घर, उभारतो. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फनं १९४८च्या ग्रंथात आदिलाबादच्या राजगोंडांची परंपरा आणखी निराळी नोंदवली.

आता काही उत्साही लोक या सगळ्यांतून ‘एकच प्रमाण लिंगो’ घडवायला निघाले आहेत. हिस्लॉपमधला महादेव गाळायचा, मुरियांचा भाग जोडायचा, खटकेल ते पुसायचं. समाजाला आपला म्हणावा असा एक ग्रंथ हवा, ही तळमळ खरी आणि आदराची आहे. मार्ग मात्र चुकीचा आहे. इ.स. १७०च्या सुमारास तातियाननं चार शुभवर्तमानं गुंफून एक केलं होतं. सिरियाच्या चर्चमध्ये ते पाचव्या शतकापर्यंत चाललं. मग थिओडोरेट या बिशपनं त्याच्या दोनशेहून अधिक प्रती बाजूला काढून चार वेगळी शुभवर्तमानं परत ठेवली. विसंगतींसकट चार सांभाळली म्हणून आज पाठ ताडून पाहता येतात.

लिपीची सोय आता झाली आहे. मसराम गोंडी २०१७मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८मध्ये युनिकोडमध्ये आली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं गोंडी शाळा चालवली. पण ज्या परधानांनी गाथा वाहिली त्यांची मुलं किंगरी हातात घेत नाहीत. दात्यांच्या घरची बोलावणी घटली, आणि पूजेला मोबाइलवरचं कापून छोटं केलेलं गाणं पुरतं. हे चांगलं लक्षण नाही, ते गोडगोड शब्दांत सांगण्यात अर्थही नाही.

ग्रीसबाख या जर्मन पंडितानं १७७०च्या दशकात मत्तय, मार्क आणि लूक शेजारी शेजारी रकान्यांत छापले. लिंगोसाठी तेच करावं. पहिल्या रकान्यात १८६६चा पाठ, दुसऱ्यात आदिलाबादचा, तिसऱ्यात मुरियांचा. चौथ्यात राजुरा, कोरपना, जिवती भागातले परधान आज जे गातात ते, गाणाऱ्याचं नाव, गाव, सगा आणि तारखेसह, एकही ओळ न सुधारता. पहिले तीन छापलेले आहेत आणि ग्रंथालयात मिळतात. म्हणून सुरुवात चौथ्यापासून व्हावी, आणि तीही येत्या पेनपूजेच्या हंगामातच.