डार्विन–दिली, 107 फेऱ्या

गेटवेहून मांडव्याला जाताना मी कॅटमरानच्या मागच्या कठड्याशी उभा राहतो. दोन होड्यांवर एकच छप्पर टाकावं तशी बोट. पाण्यावर फेसाचे दोन पट्टे सुटतात आणि बरंच मागे जाऊन एकमेकांत मिसळतात. नाव तमिळ, कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. अशाच जोडबांध्याची, पण 86 मीटर लांबीची एक फेरीबोट ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दोन वर्षं राबली. तिचं नाव जर्व्हिस बे.

तिचं माहेर टास्मानियातलं होबार्ट. 5 जानेवारी 1975 च्या रात्री लेक इलावारा हे मालवाहू जहाज तिथल्या टास्मान पुलावर आदळलं. पुलाचा एक भाग कोसळला, 12 माणसं गेली, शहराचे दोन तुकडे झाले. बॉब क्लिफर्ड यांच्याकडे तेव्हा काही लहान फेरीबोटी होत्या. 1977 च्या ऑक्टोबरात पूल पुन्हा सुरू होईपर्यंत माणसांना कामावर नेण्या-आणण्यात या बोटींचा मोठा वाटा होता. पुढे क्लिफर्ड यांचा इनकॅट हा कारखाना वेगवान कॅटमरान बांधू लागला. 1990 मध्ये तिथल्याच ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’ने 3 दिवस 7 तास 54 मिनिटांत अटलांटिक ओलांडून ‘युनायटेड स्टेट्स’ या जहाजाचा 1952 पासूनचा विक्रम मोडला.

या बोटींचं मर्म वजनात आहे. बांधा पोलादाचा नाही, ॲल्युमिनियमचा. दोन्ही अंगं सुरीसारखी अरुंद, त्यामुळे ती लाटेवर चढत नाहीत, लाट चिरत जातात. मधली नाळ पाण्याच्या वर राहते आणि मोठी लाट आली तरच टेकते. मागे पंखा फिरताना दिसत नाही. जोरदार पंप तळातून पाणी ओढून मागे फेकतात, आणि तो झोत वळवला की बोट वळते. किंमतही मोजावी लागते. इंधन भरपूर लागतं, ओझं वाढलं की वेग उतरतो आणि समुद्र खवळला की पोटात ढवळतं.

ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने अमेरिकेकडून घेतलेल्या दोन वाहतूक जहाजांची दुरुस्ती लांबली, तेव्हा मधली वेळ निभावण्यासाठी इनकॅटची ही बोट भाड्याने घेतली. 10 जून 1999 ला ती नौदलात दाखल झाली. याआधीची ‘जर्व्हिस बे’सुद्धा मुळात फेरीबोटच होती, हा योग मला फार आवडतो.

तीनच महिन्यांत पूर्व तिमोर पेटला. स्वातंत्र्याच्या बाजूने कौल गेल्यावर तिथे जाळपोळ आणि कत्तली झाल्या. 20 सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय फौज उतरू लागली, आणि दुसऱ्याच दिवशी जर्व्हिस बे सैनिक घेऊन दिलीच्या धक्क्याला लागली. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनपासूनचं अंतर सुमारे 430 सागरी मैल, म्हणजे 800 किलोमीटर. ते ती साधारण अकरा-बारा तासांत कापायची. माणसं आणि गाड्या उतरवायच्या, तोंड फिरवायचं, पुन्हा डार्विन. लोक तिला ‘दिली एक्सप्रेस’ म्हणू लागले. मे 2001 मध्ये नौदलातून निघेपर्यंत 107 फेऱ्या झाल्या होत्या; 20,000 माणसं, 430 वाहनं आणि 5,600 टन सामान तिने पोहोचवलं. यातली एकही फेरी विक्रमासाठी नव्हती. अटलांटिकच्या त्या एका धावेपेक्षा मला या 107 फेऱ्या थोर वाटतात, कारण पलीकडच्या धक्क्यावर कुणीतरी वाट पाहत होतं.

अमेरिकेच्या सैन्याचंही लक्ष या बोटींकडे गेलं आणि 2001 मध्ये त्यांनी इनकॅटचीच एक कॅटमरान भाड्याने घेतली. जर्व्हिस बे मात्र आपल्या मूळ धंद्याला लागली. 2004 पासून ‘स्पीडवन’ या नावाने ती डोव्हर ते बुलोन्य अशी इंग्लिश खाडी ओलांडू लागली. 2008 मध्ये तिला चालवणारी कंपनी बंद पडली. पुढे कॉन्डोर फेरीजने तिला घेतलं आणि ‘कॉन्डोर रॅपिड’ असं नाव दिलं. जिथे सैन्याची वाहनं उभी असायची, त्याच डेकवर आता सुट्टीला निघालेल्या कुटुंबांच्या मोटारी चढत होत्या.